धूप, घंटा आणि रोजचा नेम: अँग्लो-कॅथलिक चर्चमध्ये नव्याने जाणाऱ्यांसाठी

चर्चमध्ये धूप असतो असं कुणी म्हटलं की आमच्या आजीच्या कपाळाला आठी पडायची. आम्ही नगरकडची, अमेरिकन मिशनच्या परंपरेतली माणसं. देवळाच्या भिंती पांढऱ्या, पुढे एक लाकडी क्रूस, बाजूला पेटी-तबला आणि पाळकसाहेबांचा पाऊण तासाचा उपदेश. नोकरीनिमित्त इंग्लंडात आलो, चालत जाता येतं म्हणून घराजवळच्या एका चर्चमध्ये शिरलो, तर आत धूर. वेदीवर सहा मेणबत्त्या, सोनेरी झगा घातलेले फादर, कोपऱ्यात मरीयेची मूर्ती. रात्री फोनवर आजीला सांगितलं. ती म्हणाली, "बाळा, पाटी नीट वाचलीस ना? रोमन लोकांच्यात शिरला असशील."

पाटी बरोबर होती. चर्च ऑफ इंग्लंडचंच देऊळ, फक्त अँग्लो-कॅथलिक वळणाचं. त्यानंतर बरीच वर्षं मी तिथेच जातो आहे आणि दरवर्षी दोन-चार मराठी मंडळी तेच प्रश्न घेऊन भेटतात: वसईकडचे कॅथलिक, सीएनआयमधले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आमच्यासारखे, लग्नामुळे ख्रिस्ती घरात आलेले. गुडघा कधी टेकायचा? प्याला घ्यायचा की नाही? पापं खरंच फादरांना सांगायची? त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी धर्मगुरू नाही, मागच्या तिसऱ्या बाकावर बसणारा साधा माणूस आहे.

आधी थोडा इतिहास

इतिहास सोडून थेट कृतीवर येणार होतो, पण मग या मंडळींचा हट्ट कशासाठी आहे ते कळत नाही.

१८३३ साली ब्रिटिश सरकारने आयर्लंडमधल्या अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथातल्या) बिशपांची दहा पदं कमी करायचं ठरवलं. तिथली बहुतेक जनता रोमन कॅथलिक असल्यामुळे काटकसर म्हणून त्यात फार चूक नव्हती. पण १४ जुलैला ऑक्सफर्डमध्ये जॉन कीबल यांनी त्याविरुद्ध प्रवचन दिलं. रोख असा, की चर्च म्हणजे सरकारचं एखादं खातं नव्हे. बिशपांचा अधिकार प्रेषितांपासून डोक्यावर हात ठेवून चालत आलेला आहे. जॉन हेन्री न्यूमन आणि एडवर्ड पुझी ही त्यांच्याभोवतीची मोठी नावं. १८४१पर्यंत त्यांनी ९० पत्रिका काढल्या. नव्वदावीत न्यूमन यांनी असा युक्तिवाद केला, की चर्च ऑफ इंग्लंडची ३९ धर्मकलमं कॅथलिक अर्थानेही वाचता येतात. त्यावर इतका गदारोळ झाला की पत्रिका तिथेच थांबल्या. १८४५मध्ये न्यूमन रोमन कॅथलिक झाले. कीबल आणि पुझी राहिले.

या लोकांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: इंग्लंडच्या राजाने, आठव्या हेन्रीने, पोपशी नातं तोडलं म्हणून नवं चर्च जन्माला आलं नाही, जुनंच चर्च पुढे चालू राहिलं. म्हणून ते स्वतःला कॅथलिक म्हणवतात, पण पोपचा अधिकार मानत नाहीत. रोमला हे मान्य नाही. १८९६मध्ये पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षा निरर्थक ठरवली. वसईच्या एखाद्या काकांशी या विषयावर वाद घालायचा असेल तर एवढं माहीत असलेलं बरं.

आता यातली खरी गंमत. पहिल्या पिढीला धुपाचं आणि झग्यांचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा भर रोजच्या प्रार्थनेवर, उपवासावर, पापनिवेदनावर आणि वारंवार प्रभुभोजन (पवित्र केलेली भाकर आणि द्राक्षारस) घेण्यावर होता. धूप, मेणबत्त्या, रंगीत वस्त्रं हे सगळं पुढच्या पिढीने आणलं, तेही बहुतांशी गरीब वस्त्यांमधल्या चर्चमध्ये. त्याला विरोध इतका झाला की १८७४मध्ये पार्लमेंटने उपासनेच्या पद्धतीवर कायदा केला. पुढच्या काही वर्षांत पाच धर्मगुरू तुरुंगात गेले. पहिले आर्थर टूथ, १८७७मध्ये. कोर्टाला न जुमानता ते धूप आणि झगे वापरत राहिले होते.

हा क्रम डोक्यात ठेवा: आधी नेम, मग धूप. नवे लोक नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. मी तेच केलं. दुसऱ्याच महिन्यात ऑनलाइन धूपदाणी आणि कोळशाच्या वड्या मागवल्या आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये पेटवल्या. स्मोक अलार्म कोकलला, खालच्या मजल्यावरच्या बाई नाइटगाउनवर धावत वर आल्या. त्या अख्ख्या आठवड्यात माझी सकाळची प्रार्थना मात्र एकदाही झाली नव्हती.

पहिला रविवार

चर्च ओळखायचं कसं? बाहेरच्या फलकावर "मास" हा शब्द (म्हणजे प्रभुभोजनाची उपासना) असेल, धर्मगुरूंच्या नावाआधी "फादर" असेल, पापनिवेदनाची वेळ दिलेली असेल, तर तुम्ही बरोबर जागी आला आहात. लंडनमध्ये असाल तर मार्गारेट स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स एकदा बघाच. १८५९मध्ये पूर्ण झालेलं, विल्यम बटरफिल्ड यांनी बांधलेलं. आत विटांची, फरशांची अशी रंगीबेरंगी नक्षी आहे की पैठणी आठवते.

दहा मिनिटं आधी पोहोचा. दाराशी पवित्र पाण्याचं छोटं भांडं असेल. बोटाचं टोक बुडवा आणि क्रुसाची खूण करा: कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. मनात म्हणा, "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने." ही आपल्या बाप्तिस्म्याची आठवण असते. बाप्तिस्मा झाला नसेल तरी कुणी हात धरणार नाही.

मग बाकापाशी या आणि पुढे बघा. वेदीजवळ किंवा बाजूच्या लहान वेदीपाशी दिवा जळतो आहे का? त्याच्याजवळच्या कपाटवजा पेटीत पवित्र केलेली भाकर ठेवलेली असते, आजाऱ्यांकडे न्यायला आणि तिच्यासमोर प्रार्थना करायला. दिवा दिसला तर उजवा गुडघा जमिनीला टेकवा आणि उठा. डावा नव्हे, पूर्वी राजापुढे डावा टेकत असत. बाकाचं टोक धरलं तर तोल जात नाही. गुडघे दुखत असतील तर नुसती मान लववा. आमच्याकडचे ऐंशीच्या पुढचे आजोबा फक्त हनुवटी छातीला लावतात आणि त्यांच्याइतकी भक्ती मला अजून जमलेली नाही.

जागा मधल्या रांगेत, कडेला धरा. अगदी पुढे बसलात तर कधी उठायचं, कधी बसायचं हे बघायला समोर कुणी नसतं. माझा पहिला रविवार पहिल्या बाकावर गेला. अख्खी मंडळी बसली तरी मी उभा, आणि ते मला कळलं ते मागून कुणीतरी दबकत खोकल्यावर.

उपासनेचा सांगाडा आपल्या ओळखीचाच आहे: पापांची कबुली, "प्रभू, दया कर", वाचनं, शुभवर्तमान, उपदेश, विश्वासाचा अंगीकार, प्रार्थना, मग प्रभुभोजन. उपदेश दहा-बारा मिनिटांत संपतो. आमच्या पाळकसाहेबांच्या पाऊण तासाची सवय असलेल्याला सुरुवातीला फसवल्यासारखं वाटतं. इथे उपदेश महत्त्वाचा आहे, पण सगळी तयारी वेदीवर जे होणार आहे त्याची असते.

मधे मधे अंगाने करायच्या गोष्टी येतात. येशूचं नाव आलं की मान किंचित लववायची. शुभवर्तमानाआधी अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर छोटा क्रूस काढायचा. विश्वासाच्या अंगीकारात तो "मनुष्य झाला" हे शब्द आले की लवायचं. कुणी धूपदाणी घेऊन तुमच्या दिशेने वळला की उभं राहायचं. तो लवेल, तुम्ही लवायचं, तो धूप दाखवेल, पुन्हा दोघांनी लवायचं. दमा असेल तर दाराजवळ बसा आणि आधी सांगून ठेवा. बहुतेक चर्चमध्ये सकाळी लवकर एक धुराशिवायची, गाण्याशिवायची उपासना असते. मला हल्ली तीच जास्त आवडते.

या सगळ्यातलं एकही सक्तीचं नाही. एका रविवारी एकच खूण उचला, अंगवळणी पडली की पुढची. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. उंबरा ओलांडताना वाकणारी, दिवेलागणीला हात जोडणारी माणसं आपण घरादारात पाहिलेली असतात, आणि अंगाला आधी कळतं, डोक्याला मागाहून. मात्र हे "आपल्या पूजेसारखंच" आहे असं म्हणून मोकळे होऊ नका. तसं म्हटलं की दोन्ही गोष्टी नीट बघायच्या राहून जातात.

वेदीपाशी

घंटा वाजते तेव्हा मान खाली घाला. फादर आधी भाकर आणि मग प्याला वर उचलतात. अँग्लो-कॅथलिक शिकवणीचा गाभा इथे आहे: ख्रिस्त त्या भाकरीत आणि द्राक्षारसात खरोखर उपस्थित असतो. नुसती आठवण नाही, नुसतं प्रतीक नाही. नेमका कसा, याचं तत्त्वज्ञान मांडायला बहुतेक जण जात नाहीत. पुझी यांनी १८४३मध्ये ऑक्सफर्डमध्ये याच विषयावर प्रवचन दिलं आणि विद्यापीठाने त्यांना दोन वर्षं प्रवचनबंदी केली.

विरोधक अठ्ठाविसाव्या कलमावर बोट ठेवतात. त्यात म्हटलं आहे की ही भाकर राखून ठेवणं, मिरवणं, उचलणं, तिची आराधना करणं हे ख्रिस्ताने सांगितलेलं नाही. अँग्लो-कॅथलिक उत्तर देतात की "सांगितलेलं नाही" म्हणजे "मनाई केली आहे" असं नव्हे. मला हे उत्तर थोडं वकिली वाटतं. तरी गुडघा मी टेकतोच.

प्रभुभोजन कुणी घ्यावं? चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमानुसार त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) मानणाऱ्या दुसऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या आणि तिथे प्रभुभोजन घेणाऱ्या व्यक्तीला इथे घेता येतं. म्हणजे सीएनआय, मेथॉडिस्ट वगैरेंची अडचण नाही. रोमन कॅथलिकांना इथे मनाई नाही, पण त्यांचं स्वतःचं चर्च परवानगी देत नाही. ते ज्याने त्याने ठरवावं. बाप्तिस्मा झाला नसेल तर रांगेतून पुढे जा, गुडघे टेका आणि दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा. फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील. माझे एक हिंदू मेहुणे नाताळात असेच गेले होते. येताना म्हणाले, "इतक्या शांतपणे माझ्या डोक्यावर हात ठेवला गेला तो बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच."

घ्यायची रीत अशी: डाव्या तळव्यावर उजवा तळवा पालथा नको, उताणा ठेवा. चौथ्या शतकातले जेरुसलेमचे बिशप सिरिल शिकवत, की येणाऱ्या राजासाठी डाव्या हाताचं सिंहासन करावं. भाकर हातावर ठेवली की "आमेन" म्हणा, तिथेच तोंडात घाला, हातात घेऊन चालू लागू नका. प्याला आला की त्याचा खालचा भाग धरून ओठाशी आणायला मदत करा आणि एक छोटा घोट घ्या. तो खरा द्राक्षारस असतो. दारू वर्ज्य असेल तर नुसती भाकर घ्या. एकात पूर्ण ख्रिस्त मिळतो असंच इथलं शिक्षण आहे. आजीला या द्राक्षारसाचं कळलं तेव्हा पाच मिनिटं फोनवर शांतता होती.

जुनी प्रथा अशी की मध्यरात्रीपासून काही न खाता-पिता प्रभुभोजन घ्यावं. आता बरेच जण तासभर आधी खाणं थांबवतात. औषधं चालू असतील तर हा विचारच करू नका.

सात की दोन?

चर्च ऑफ इंग्लंडचं प्रार्थनापुस्तक आणि ३९ कलमं यांच्या मते ख्रिस्ताने स्वतः नेमलेले संस्कार दोन: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. अँग्लो-कॅथलिक त्यांना मुख्य मानतातच, पण दृढीकरण (बाप्तिस्म्याचं वचन बिशपांपुढे पक्कं करणं), पापनिवेदन, विवाह, धर्मगुरुदीक्षा आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग यांनाही संस्कार म्हणतात. संस्काराचा अर्थ: डोळ्यांना दिसणारी खूण आणि तिच्यामार्फत मिळणारी न दिसणारी कृपा. एवढं पुरे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण उशिरा कळली की माणसं दुखावतात. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९९४पासून स्त्रिया धर्मगुरू आणि २०१५पासून बिशप होऊ लागल्या. अँग्लो-कॅथलिक चर्चमध्ये यावर फूट आहे. काही चर्च हे आनंदाने स्वीकारतात, काही अजूनही स्वीकारत नाहीत. तुम्ही जाता ते कोणत्या बाजूचं आहे हे पहिल्याच महिन्यात सरळ विचारा. माझं मत विचाराल तर मी ज्या बाईंच्या हातून प्रभुभोजन घेतो त्यांच्याइतकं काळजीपूर्वक ते देणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

घरचा नेम

इथपर्यंतचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पहिल्या पिढीने जपलेली मुख्य गोष्ट म्हणजे सकाळ-संध्याकाळची ठरलेली प्रार्थना. १६६२च्या प्रार्थनापुस्तकात सगळी दीडशे स्तोत्रं ३० दिवसांत वाटून दिली आहेत, रोज सकाळची आणि संध्याकाळची. एकतीस तारीख असली की तीसचीच पुन्हा. म्हणजे वर्षाला साधारण बारा वेळा अख्खी स्तोत्रसंहिता तोंडातून जाते. चर्च ऑफ इंग्लंडच्या संकेतस्थळावर रोजची प्रार्थना तयार मिळते. पण मी स्तोत्रं मराठी बायबलमधूनच वाचतो. इंग्रजीत प्रार्थना करताना मी नेहमी ऑफिसमध्ये असल्यासारखा नीट बसतो. मराठीत रडता येतं.

सुरुवातीला अख्खी प्रार्थना अंगावर घेऊ नका. सहा आठवडे एवढंच करा:

१. उठल्यावर क्रुसाची खूण आणि "आमच्या स्वर्गातील पित्या". चहा टाकायच्या आधी.

२. दुपारी बारा वाजता एंजलस. देवदूताने मरीयेला संदेश दिला त्याची ही तीन छोटी वाक्यं आणि त्यांची उत्तरं: "पाहा, मी प्रभूची दासी", "शब्द देह झाला". प्रत्येकानंतर मरीयेची प्रार्थना, एक "नमो मरिये". चर्चची घंटा तीन-तीन-तीन आणि मग नऊ अशी वाजते. पारंपरिक वेळा सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. दोन मिनिटांचं काम आहे, ऑफिसच्या जिन्यातही होतं.

३. झोपताना दिवस मागे वळून पाहणं: कशाबद्दल आभार, कुठे चुकलो. मग एक स्तोत्र. मला ९१वं पाठ झालं आहे.

४. शुक्रवारी काहीतरी सोडणं, ख्रिस्ताच्या मरणाच्या आठवणीसाठी. बहुतेक जण मांस-मच्छी सोडतात. शाकाहारी असाल तर हा नेम तुम्हाला फुकटात पडतो, म्हणून दुसरं काहीतरी शोधा. मी मोबाइलवरच्या क्रिकेटच्या बातम्या सोडतो आणि ते मटण सोडण्यापेक्षा जड जातं.

सहा आठवड्यांनी फादरांशी बसून "माझा नेम" लिहून काढा. किती वेळा प्रभुभोजन, कोणती प्रार्थना, किती दान, कधी पापनिवेदन: सगळं एका पोस्टकार्डावर मावलं पाहिजे. मी पहिल्यांदा लिहिलेला नेम दीड पानांचा होता. फादरांनी वाचला, पेन काढलं आणि तीन ओळी सोडून सगळं खोडलं. म्हणाले, आजारी असतानाही जे होईल तेवढंच लिही.

पापनिवेदन

सगळ्यात जास्त भीती याचीच असते. अँग्लिकन लोकांची यावरची जुनी म्हण अशी: सगळ्यांना मुभा, कुणालाच सक्ती नाही, काहींनी करावंच. रोमन कॅथलिक पद्धतीपेक्षा मुख्य फरक तो. हे बाहेरून उसनं आणलेलं आहे असं कुणी म्हटलं तर १६६२च्या प्रार्थनापुस्तकातली आजाऱ्याच्या भेटीची उपासना दाखवा. तिथे धर्मगुरूने उच्चारायचे पापक्षमेचे शब्द छापलेलेच आहेत.

तयारीला आठवडा द्या. एक कागद घ्या, दहा आज्ञा समोर ठेवा आणि लिहा. पहिल्या वेळी बालपणापासूनचं येतं. थोडक्यात लिहा: "भावाशी पैशांवरून खोटं बोललो, बरेचदा." भाऊ कसा वागला ते लिहू नका, त्याची पापं तो सांगेल. कारणं देऊ नका. माझ्या पहिल्या कागदावर प्रत्येक ओळीत "पण" होता. फादरांनी हळूच विचारलं, "हे तुझं पापनिवेदन आहे की बचावाचं भाषण?"

लाकडी खोपटं बहुतेक ठिकाणी नसतं. बाजूच्या वेदीपाशी फादर जांभळा पट्टा गळ्यात घालून खुर्चीवर बसलेले असतात, तुमच्याकडे नव्हे, भिंतीकडे तोंड करून. शेजारी गुडघे टेकायची जागा आणि प्लास्टिकच्या आवरणातलं एक कार्ड, ज्यावर काय म्हणायचं ते लिहिलेलं असतं. ते आशीर्वाद देतात, तुम्ही कागद वाचता, ते एखादी गोष्ट विचारतात किंवा सुचवतात, प्रायश्चित्त म्हणून एखादं स्तोत्र सांगतात आणि मग क्षमेचे शब्द उच्चारतात. शेवटी म्हणतात, "शांतीने जा, आणि माझ्यासाठीही प्रार्थना कर, मीही पापीच आहे." माझं सगळं मिळून बारा मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर कागद फाडून खिशात ठेवला आणि नंतर स्टेशनवरच्या कचरापेटीत टाकला.

गुप्ततेची हमी कडक आहे. १६०३च्या चर्चच्या नियमांमधलं ११३वं कलम आजही धर्मगुरूला ऐकलेलं उघड करायला मनाई करतं. आपल्या नेहमीच्या फादरांसमोर लाज वाटत असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जा. तसं करणं अगदी रीतीला धरून आहे.

मरीया आणि जपमाळ

आमच्यासारख्यांच्या घशात इथे घास अडकतो. माझा वर्षभर अडकला. समजूत पटली ती अशी: आपण मेलेल्यांची पूजा करत नाही, जिवंत मंडळीला प्रार्थना करायला सांगतो, जसं आजीला सांगतो. मरणाने चर्चमधून नाव कमी होत नाही. "नमो मरिये"चा पहिला भाग तर लूककृत शुभवर्तमानातलाच आहे, देवदूताचे आणि अलीशिबेचे शब्द.

जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. प्रत्येक भागाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांपुढे ठेवायचा. अख्खी माळ होते वीसेक मिनिटांत. सुरुवातीला दहा मण्यांचा एकच भाग करा, बसमध्ये होतं. नाहीच पटलं तर सोडून द्या. कित्येक चांगले अँग्लो-कॅथलिक जपमाळ हातात धरत नाहीत.

संधी मिळाली तर नॉरफोकमधल्या वॉल्सिंगहॅमला जाऊन या. अकराव्या शतकापासूनचं मरीयेचं यात्रास्थान, १५३८मध्ये उद्ध्वस्त केलेलं. गावचे धर्मगुरू होप पॅटन यांनी १९३१मध्ये तिथे पुन्हा पवित्र घर उभारलं. पाण्याची विहीर आहे, मेणबत्त्या आहेत, बसमधून उतरणारे जथे आहेत आणि मे महिन्यात मोठी यात्रा भरते. जेजुरीला गेलेल्या माणसाला तिथे फार परकं वाटत नाही, फक्त भंडाऱ्याऐवजी पाऊस असतो.

वर्षाचा फेरा

रंगांवरून वर्ष कळतं. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) आणि उपवासकाळ (पुनरुत्थानाच्या सणाआधीचे आठवडे) जांभळे, नाताळ आणि पुनरुत्थानाचा काळ पांढरा किंवा सोनेरी, पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो सण) आणि हुतात्म्यांचे दिवस लाल, बाकी हिरवा. आगमनकाळाचा तिसरा आणि उपवासकाळाचा चौथा रविवार गुलाबी. नव्याने आला असाल तर एकच आठवडा पूर्ण पाळा: झावळ्यांच्या रविवारपासून पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत. गुरुवारी रात्री वेदीवरचं सगळं, अगदी कापडसुद्धा, काढून नेतात आणि लोक मध्यरात्रीपर्यंत आळीपाळीने जागत बसतात. जाताना स्वेटर न्या.

१५ ऑगस्टला मरीयेचा मोठा सण असतो. आम्ही चौघे-पाच जण उपासनेनंतर हळूच "जन गण मन" म्हणतो. कुणाची हरकत नाही.

पुण्याची वाट

हे सगळं परक्याचं आहे असं वाटत असेल तर पुण्यातल्या पंचहौदापाशी जाऊन उभे राहा. तो उंच मनोरा असलेलं पवित्र नाम देवालय आणि तिथलं मिशन या पंथातूनच उभं राहिलं. रिचर्ड मू बेन्सन यांनी १८६६मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली गावात साधूंचा संघ स्थापला. त्याचे फादर मुंबईत आणि पुण्यात आले, पाठोपाठ इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या सिस्टर आल्या. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे आधी ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहायचे. १८४८मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते काउलीच्या फादरांबरोबर राहिले. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती विचाराकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ला वाँटेजमध्येच झाला.

रमाबाई मुकाट्याने मान डोलावणाऱ्या नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले, त्रैक्यापासून अधिकारापर्यंत. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असंही त्यांनी विचारलं. पुढे त्यांची वाट वेगळी झाली. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. तुमच्या प्रश्नांनी फादर चिडत असतील तर दुसरे फादर बघा.

१९७०मध्ये नागपुरात उत्तर भारतातली अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे चर्च एकत्र येऊन सीएनआय झाली. त्यामुळे भारतात शुद्ध अँग्लो-कॅथलिक चर्च शोधत बसू नका. जुन्या अँग्लिकन देवळांमध्ये वेदीची मांडणी, प्रार्थनेचे शब्द, एखाद्या म्हाताऱ्या बाईंचा टेकलेला गुडघा यांत ते वळण अजून भेटतं.

उपासनेनंतर

झांझिबारचे बिशप फ्रँक वेस्टन यांनी १९२३मध्ये लंडनच्या अँग्लो-कॅथलिक परिषदेत सुनावलं होतं, की झोपडपट्टीतल्या येशूची कणव येत नसेल तर वेदीवरच्या पेटीतल्या येशूची भक्ती करतो असं म्हणायचा तुम्हाला हक्क नाही. लंडनचे धर्मगुरू चार्ल्स लाउडर यांना तर हे सांगायची गरजच नव्हती. १८६६मध्ये लंडनच्या गोदीत कॉलरा पसरला तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी घरोघर जाऊन रोग्यांची सेवा करत होते. ज्या लोकांनी आधी त्यांच्यावर घाण फेकली होती, तेच मग त्यांना फादर म्हणू लागले.

तुमच्या चर्चमध्ये अन्नवाटप असेलच. यादी दाराजवळ टांगलेली असते, नाव घाला. आमच्याकडे मंगळवारी सूप आणि पाव असतो. मी कांदा चिरतो, कारण फोडणी माझ्यावर सोडतील एवढा विश्वास अजून कुणी ठेवलेला नाही.

आणि रविवारी उपासना संपल्यावर पळू नका, चहाला थांबा. पंचहौदच्या मिशनमध्ये १८९०मध्ये रानडे-टिळकांसारख्या मंडळींनी चहा घेतला तर शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. इथला चहा तितका महाग पडत नाही, पण पाणचट असतो. आलं आणि वेलदोडे डबीत घालून नेले तरी चालतात; स्वयंपाकघरात जो आधी कपबशा धुवायला उभा राहतो त्याला दुसरी किटली चढवायची परवानगी मिळते.